परमुलखातील ओवी

उज्जयिनी नगराच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी, भैरवगढ नावाची जुनी वस्ती आहे. तेथील लोक बोलताना तिला भेरूगढ म्हणतात. तटबंदीच्या आत श्रीकालभैरवाचे स्थान, पलीकडे सिद्धवट, जवळच मध्यवर्ती कारागृह, आणि गल्लीबोळांतून मेणाच्या नक्षीने कापड रंगविणाऱ्या छिपा कारागिरांची घरे, असा या वस्तीचा थाट आहे. स्कंदपुराणाच्या अवंतिखंडात ज्या अष्टभैरवांचे माहात्म्य वर्णिले आहे, त्यांत येथील कालभैरव अग्रगण्य मानला जातो. देवाच्या मुखाशी मद्याची बशी लावण्याची तेथील प्रथा सर्वविश्रुत आहे. तीविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले असल्यामुळे आम्ही येथे विस्तार करीत नाही. आमच्या विषयाशी अधिक निगडित अशी गोष्ट देवाच्या मस्तकावर आहे. ती गोष्ट म्हणजे मराठेशाही पगडी.

परंपरा अशी सांगते की, पानिपतच्या 1761 च्या घोर प्रसंगानंतर महादजी शिंदे या स्थानी आले, त्यांनी आपली पगडी देवाच्या मस्तकी ठेवली आणि गेलेले वैभव परत मिळो, असे मागणे मागितले. पुढे यश आल्यावर त्यांनी देवालयाचा जीर्णोद्धार केला. दंतकथेचा पुरावा न्यायालयात ग्राह्य धरीत नाहीत, हे आम्ही व्यवसायाने जाणतो. परंतु लोकांनी एखादी कथा कोणत्या वस्तूभोवती गुंफली, हाही एक प्रकारचा पुरावाच असतो. माळव्याच्या मातीतल्या, माळवी बोलणाऱ्या लोकांच्या भेरूबाबाने दक्षिणेतून आलेल्या सरदाराचे शिरस्त्राण धारण करावे, आणि त्यात कोणालाही परकेपणा वाटू नये, हा त्या पुराव्याचा अर्थ होय.

एका जुन्या दाव्यातील मोडी कागदांच्या निमित्ताने आम्हांस काही वर्षांपूर्वी उज्जयिनीस जावे लागले. ते दिवस कालभैरवाष्टमीचे होते. आपल्या पंचांगाप्रमाणे ही कार्तिक वद्य अष्टमी आणि तिकडील पूर्णिमान्त गणनेप्रमाणे मार्गशीर्ष कृष्ण अष्टमी. मंदिराच्या ओवरीत माळवी स्त्रियांचा एक मेळा भेरूजीची गीते गात बसला होता. त्यांत नऊवारी नेसलेली एक वृद्धा होती. तीही त्याच बोलीत, त्याच सुरात गात होती. गीत संपल्यावर आमचे मराठी कानी पडताच ती जवळ आली व म्हणाली, "तुम्ही खालचे दिसता. गोव्याकडचे का?" आम्ही होकार दिला. तेव्हा तिने विचारले, "आमच्या घरी लग्नात हळद कुटताना एक ओवी म्हणतात. सासूने शिकवली, तिला तिच्या सासूने. त्यात 'आवय' असा शब्द येतो. मी साठ वर्षे म्हणत आले, पण त्याचा अर्थ कोणी सांगत नाही. तुम्हांला ठाऊक आहे का?"

आम्ही सांगितले, "आजी, आवय म्हणजे आई."

वृद्धा थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षे आईलाच हाक मारीत होते."

हा प्रसंग आमच्या मनातून गेला नाही. एखाद्या समाजाची भाषा त्याच्या ओठांवरून निघून जाते, पण एक शब्द गीताच्या आश्रयाने आठ पिढ्या तग धरतो. हे कसे घडते, आणि अशा शब्दाला वाचवून ठेवण्यात आपले कर्तव्य काय, याचा विचार इतिहासाच्या आधारे करावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

माळव्यातील आपली माणसे

मराठी फौजांनी 1728 च्या नोव्हेंबरात अमझेऱ्याची लढाई जिंकली आणि माळव्याचे दार उघडले. पुढील काही वर्षांत शिंदे, होळकर व पवार यांच्याकडे त्या सुपीक प्रांताचे हिस्से आले. 1741 मध्ये बादशाही फर्मानाने या वस्तुस्थितीवर कायद्याचे शिक्कामोर्तब झाले. उज्जयिनी ही शिंद्यांची राजधानी झाली आणि दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये आपले ठाणे ग्वाल्हेरीच्या लष्करात हलवीपर्यंत ती तशीच राहिली.

या राज्याच्या उभारणीत आपल्या वाचकांच्या ओळखीची आडनावे ठायी ठायी आढळतात. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर हे शेणवी. 1234-35 च्या सुमारास अल्तमशाने उद्ध्वस्त केलेल्या श्रीमहाकालेश्वराच्या देवालयाची आज दिसणारी उभारणी अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात त्यांच्या हातून झाली. महादजींच्या पश्चात, 1795 मधील खर्ड्याच्या लढाईत, शिंद्यांच्या फौजेचे आधिपत्य करणारे जिवबादादा बक्षी हे पेडणे महालातील केरीचे, म्हणून केरकर. लखबादादा लाड, बाळोबातात्या पागनीस ही नावेही इतिहासाच्या वाचकांस अपरिचित नाहीत. शिंद्यांच्या दरबारातील या मंडळींचा प्रभाव एवढा होता की, त्यांच्या गटाचा 'शेणवी' असा जातिवाचक उल्लेखच तत्कालीन पत्रव्यवहारात रूढ झाला होता.

या घरांतून दप्तराची भाषा मराठी, लिपी मोडी. देवघराची भाषा संस्कृत. आणि माजघराची भाषा कोकणी, अशी वाटणी असावी, हे उघड आहे. पुरुषांचे बहुतेक आयुष्य दप्तरात व छावणीत जाई. माजघर मात्र स्त्रियांच्या स्वाधीन होते. म्हणून जे काही टिकले ते त्यांच्यामुळे टिकले, आणि जे गेले त्याची नोंद ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाही.

बंदीने जे झाले नाही

आता त्याच काळात मूळ मुलखात काय चालले होते ते पाहू. 1684 मध्ये व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने फर्मान काढून गोव्यातील जनतेने तीन वर्षांच्या आत कोकणी सोडून पोर्तुगीज भाषा स्वीकारावी, असे आज्ञापिले. पुढे 1736 मध्ये इन्क्विझिशनने आपला कुप्रसिद्ध जाहीरनामा प्रसिद्ध केला. अ. का. प्रियोळकरांसारख्या व्यासंगी संशोधकाने हा इतिहास परिश्रमपूर्वक प्रकाशात आणला आहे. त्या जाहीरनाम्यात बाटविलेल्या लोकांच्या पोशाखावर, अन्नपाण्यावर, अंगणातील तुळशीवर निर्बंध होते. त्याबरोबर विवाहप्रसंगी ओव्या म्हणण्यावरही निर्बंध होता. ओवीची भीती वाटणारे राज्यकर्ते मूर्ख नव्हते. देवळे पाडली तरी लग्नघरात गाणारी स्त्री जोवर आहे, तोवर जुन्या धर्माशी व जुन्या कुळाशी असलेला धागा तुटत नाही, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

योगायोग पाहा. ज्या दशकात गोव्यात ओवीवर बंदी आली, त्याच दशकात त्याच परिसरातील एका शेणव्याने उज्जयिनीस महाकालाचे शिखर उभारले. एकाच समाजाच्या इतिहासाची ही दोन पाने आहेत. पहिल्या पानावर छळ आहे आणि दुसऱ्यावर वैभव.

मात्र परिणाम आपल्या अपेक्षेच्या उलट झाला. ज्यांच्यावर बंदी लादली गेली त्या गोव्याच्या ख्रिस्ती समाजात आजही विवाहाच्या आदल्या दिवशी, 'रोस' म्हणून वधूवरांस नारळाचा रस लावण्याचा विधी होतो, तेव्हा वयस्क स्त्रिया 'वोवयो' म्हणतात. मंगळुराकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांतही ही चाल राहिली. देव बदलला, पण गाण्याचे नाव व प्रसंग बदलले नाहीत. उलट माळव्यात कोणी बंदी केली नाही. राज्य आपले, दिवाण आपले, मंदिरे आपण बांधलेली, आणि तरीही आम्ही ज्या ज्या घरी गेलो तेथे कोकणी एक शब्दापुरती उरलेली आढळली. छळाने जे साधले नाही ते सोयीने साधले. दप्तराची भाषा प्रतिष्ठेची ठरली, पुढे बाजाराची व शाळेची भाषा आवश्यक ठरली, आणि माजघराची भाषा कोणीही न हाकलता निघून गेली. आमच्या मते या इतिहासाचा मुख्य धडा हाच आहे. आघात ओळखता येतो आणि त्याचा प्रतिकार करता येतो. सोय मात्र ओळखूच येत नाही.

गेले काय, आले काय

परंतु मुलूख सोडलेल्या समाजाचे गीत केवळ झिजत जाते, असे समजणे चुकीचे होईल. ते नव्या मातीत रुजतेही. आठव्या शतकातील 'कुवलयमाला' या प्राकृत ग्रंथात उद्द्योतनसूरीने बाजारपेठेत भेटलेल्या निरनिराळ्या देशांच्या लोकांची बोलण्याची ढब टिपली आहे. त्यांत माळव्याचे लोक आहेत आणि मऱ्हाठेही आहेत. म्हणजे नर्मदेच्या दोन्ही काठांचा हा परिचय शिंदे-होळकरांच्या कितीतरी आधीचा आहे. ओवीची परंपरा तर कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त नोंदविलेली आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे तो सांगतो. भैरवगढच्या त्या वृद्धेची ओवीही हळद कुटतानाची होती, हे येथे ध्यानी घ्यावे. उखळ-मुसळाचा तो ताल नऊशे वर्षांचा आहे.

दोन्ही मुलखांना जोडणारा याहून ठळक दुवा कलगी-तुऱ्याचा होय. शिव श्रेष्ठ की शक्ती, ब्रह्म मोठे की माया, यावर दोन पक्षांनी रात्रभर सवाल-जवाब करावयाचे, ही या गायनाची पद्धत. उत्तरेकडील परंपरेप्रमाणे चंदेरीच्या राजाने तुकनगीर गोसावी व शाहअली फकीर या दोघांच्या कवित्वावर प्रसन्न होऊन एकास तुरा व दुसऱ्यास कलगी दिली, तेथून हे दोन पक्ष निघाले. माळवा, निमाड व मेवाड या प्रांतांत ही चाल पसरली. आपल्याकडे पेशवाईतील शाहिरांचे फड याच दोन पक्षांत विभागले गेले होते. रत्नागिरीकडे तर जाखडी नाचाच्या जोडीने शक्ती-तुऱ्याचे सामने आजही रंगतात. एक हिंदू गोसावी, एक मुसलमान फकीर, आणि वाद शिव-शक्तीचा, अशी ही कथा आहे. लोकगीताची सहिष्णुता किती जुनी आहे, हे सांगण्यास अधिक भाष्य नको.

माच हे माळव्याचे लोकनाट्य. त्याचे माहेर उज्जयिनी, आणि गुरू गोपाळजी व गुरू बालमुकुंद यांची नावे तेथे आदराने घेतली जातात. उंच मंचावर, ढोलक-सारंगीच्या साथीने हा खेळ चाले. आरंभी भिश्ती येऊन पाणी शिंपडल्याचा अभिनय करतो, फर्राशीण जाजम अंथरते, चोपदार ललकारी देतो, आणि मग कथानक सुरू होते. आपल्या दशावतारात आधी गणपती, मग संकासुर आणि त्यानंतर आख्यान, असा क्रम असतो. तो ज्यांनी जत्रेच्या रात्री देवळाच्या प्राकारात बसून पाहिला आहे, त्यांना हा थाट परका वाटणार नाही. देवासमोरची जागा आधी शुद्ध करावयाची आणि मगच सोंग आणावयाचे, हा संकेत दोन्हीकडे एकच आहे.

स्त्रियांच्या गीतांत हे साम्य अधिकच हृदयंगम होते. पितृपक्षाच्या सोळा दिवसांत माळव्यातील कुमारिका भिंतीवर शेणाने 'संजा'ची आकृती काढतात, फुलांच्या पाकळ्यांनी ती सजवितात, रोज नवी आकृती आणि शेवटी 'किलाकोट'. सायंकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात आणि पक्ष संपताच तिला पाण्यात पोचवितात. पितृपक्ष सरतो न सरतो तोच हस्त नक्षत्राच्या सुमारास आपल्याकडे पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर धरला जातो. खानदेशात भुलाबाई बसते. गोव्यात पौषाच्या चांदण्यात मांडावर धालो होतात. स्थळे वेगळी, बोली वेगळ्या. पण सर्वत्र विषय एकच, सासर आणि माहेर. उज्जयिनीच्या मराठी घरांतील मुली आधी शेजारणींबरोबर संजा मांडीत आणि मागाहून घरी भोंडला करीत, असे त्या वृद्धेने आम्हांस सांगितले. तिच्या लेखी यात कोणताही विरोध नव्हता. "संजा इथली, भोंडला आमचा. दोघींनाही सासरी जायचंच आहे," असे ती हसत म्हणाली. अस्मितेचे प्रश्न पंडित ज्या कडवटपणे मांडतात, त्याहून हा निकाल अधिक समंजस आहे, असे आम्हांस वाटते.

याच भूमीत एका थोर कलावंताने या विषयाला शास्त्राचे अधिष्ठान दिले. बेळगावजवळील सुळेभावी येथे 1924 मध्ये एका कानडी घरात जन्मलेले आणि मुंबईत प्रा. बा. र. देवधरांपाशी शिकलेले कुमार गंधर्व 1948 मध्ये देवासला आले. क्षयाच्या दीर्घ आजारात गाणे बंद असताना रस्त्यावरून जाणाऱ्या भजनी लोकांची व बाजारहाटास येणाऱ्या ग्रामस्थ स्त्रियांची गीते त्यांच्या कानी पडत. चार-पाच स्वरांत सामावणाऱ्या या धुनांत रागाचे बीज कसे दडलेले असते, याचा त्यांनी शोध घेतला आणि त्यांतून नवे धुन-उगम राग सिद्ध केले. लगनगांधार, मधसुरजा ही त्यांतील काही नावे. त्यांचा 'अनूपरागविलास' हा ग्रंथ 1965 मध्ये प्रसिद्ध झाला. जन्माने कानडी, शिक्षणाने मराठी वातावरणातील आणि साधनेने माळव्याचा, अशा या गायकास माळवी स्त्रीचे गाणे ऐकण्यास कोणतीही अस्मिता आड आली नाही. आणि ऐकताना ते त्या गाण्यास 'ग्राम्य' म्हणून हिणवीतही नव्हते.

कायदा काय देतो

आता आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने दोन शब्द. भारतीय संविधानाच्या 29 व्या अनुच्छेदाप्रमाणे ज्या नागरिक-गटास स्वतःची वेगळी भाषा, लिपी अथवा संस्कृती आहे, त्यास ती जतन करण्याचा हक्क आहे. ती भाषा आठव्या अनुसूचीत असलीच पाहिजे, अशी अट तेथे नाही. भाषा जतन करण्याच्या हक्कात तिच्या रक्षणासाठी चळवळ करण्याचाही समावेश होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने जगदेवसिंह सिद्धान्ती यांच्या निवडणूक-दाव्यात म्हटले आहे. 1956 मध्ये घातलेल्या 350-क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असे राज्यांस सांगितले आहे.

कोकणीस साहित्य अकादमीची मान्यता 1975 मध्ये मिळाली. 1987 च्या कायद्याने ती गोव्याची राजभाषा झाली. शासकीय कारणांसाठी मराठीच्या वापराची तरतूदही त्याच कायद्यात आहे. 1992 मध्ये कोकणी अनुसूचीत आली. 2011 च्या जनगणनेत कोकणी भाषकांची संख्या साडेबावीस लाखांच्या आसपास आहे. त्याच जनगणनेत माळवी मातृभाषा सांगणारे सुमारे बावन्न लाख आहेत. तरी त्यांची गणना हिंदीच्या पोटात होते. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीत कोकणी मराठीच्या खंडात आणि माळवी राजस्थानीच्या खंडात घातली होती. त्या वर्गीकरणाच्या योग्यायोग्यतेचा वाद आम्ही येथे उकरून काढू इच्छीत नाही. 'बोली' हा शिक्का कसा लागतो आणि कसा पुसला जातो, हे आपण अनुभवाने जाणतो. म्हणून माळवीसारख्या भगिनीविषयी तरी आपण तुच्छतेने बोलू नये, एवढेच आमचे म्हणणे.

परंतु कायद्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. हक्क मागता येतो, अनुदान मिळविता येते, पाठ्यपुस्तक छापविता येते. मात्र हळद कुटताना सुनेने सासूजवळ बसावे, असा हुकूमनामा कोणत्याही न्यायालयातून मिळत नाही. पोर्तुगिजांच्या फर्मानाने ओवी मेली नाही आणि संविधानाच्या अनुच्छेदाने ती जगणार नाही. ती जगते प्रसंगाने. जात्याची ओवी जात्याबरोबर गेली, कारण तिचा प्रसंग श्रमाचा होता आणि श्रमाची जागा यंत्राने घेतली. लग्नातील, देवळातील, सणाची गीते अधिक टिकली, कारण त्यांचा प्रसंग विधीचा होता. विधी अजून उरले आहेत. पण त्यांतील गाणे आता झपाट्याने निघून चालले आहे, आणि त्याचा दोष काही अंशी आपल्या देवस्थानांकडे येतो.

आपल्या मंडपात

उत्सवाच्या दिवशी आपल्या किती देवळांत आज स्त्रियांच्या मुखी गीत असते? नौबत वाजते, आरती होते, रात्री नाटक होते. परंतु ज्या घटकेत पूर्वी वयस्क बाया ओव्या, फुगड्या, फेर यांनी मंडप भरून टाकीत, त्या घटकेत आता ध्वनिवर्धकावर मुद्रित भक्तिगीते लागतात. ती सुरेल असतात, हे खरे. पण ती कोणाच्याही गावची नसतात. याविषयी आम्ही एका देवस्थानाच्या सभेत प्रश्न उपस्थित केला, तेव्हा "बायकांच्या गाण्याला वेळ कोठे आहे? कार्यक्रमपत्रिका आधीच भरलेली आहे," असे उत्तर मिळाले. उत्तर देणारे गृहस्थ सज्जन होते, आणि त्यांचा भाषाभिमानही मोठा होता. त्यांच्या उत्तरात द्वेष नव्हता, सोय होती. माळव्यात आपली कोकणी जिने नेली तीच ही सोय.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक देवस्थानाने वार्षिक उत्सवात एक प्रहर गावातील स्त्रियांच्या पारंपरिक गीतांसाठी राखावा आणि त्या वेळी ध्वनिवर्धक बंद ठेवावा. गीते उतरवून घ्यावीत. कोकणी असेल ते कोकणीत, मराठी असेल ते मराठीत, मिश्र असेल ते मिश्रच, 'शुद्ध' न करता. गाणारीचे नाव व गाव तिच्या संमतीने नोंदवावे. आजवर संग्राहकांची नावे मुखपृष्ठावर आली आणि गाणाऱ्या अनामिक राहिल्या, हा अन्याय आता पुरे झाला. ज्या समाजांच्या स्त्रियांनी आपल्या देवळांत पिढ्यान्पिढ्या गायनसेवा केली आणि ज्यांना आपण त्या मानाने फारच थोडे परत दिले, त्यांचे स्थान या नोंदीत अग्रभागी असावे. आणि दूरदेशी गेलेल्या कुटुंबांस पत्र लिहून विचारावे, "तुमच्या घरी अर्थ न कळणारा एखादा शब्द गाण्यात उरला आहे का?" उत्तरे येतील, अशी आमची खात्री आहे.

आपल्या अनेक देवळांच्या आवारात मुख्य देवतेच्या परिवारात कालभैरवाची घुमटी असते. तो क्षेत्रपाल, हद्दीचा राखणदार. उज्जयिनीच्या कालभैरवाची पालखी निघते तेव्हा ती सिद्धवटाकडे जाताना वाटेत कारागृहाच्या दाराशी थांबते, कारण आत असलेल्यांनाही देवाच्या दर्शनाचा अधिकार आहे. ज्यांना बाहेर येता येत नाही त्यांच्या दाराशी आपण जावे, असा त्या प्रथेचा अर्थ आम्ही घेतो. आपल्या घरोघरच्या वृद्धा आज अशाच आत बसलेल्या आहेत.

त्या आजींनी निरोप घेताना आमच्याकडून 'आवय' शब्दाखेरीज आणखी काही शब्दांचे अर्थ विचारून घेतले आणि ते नातसुनेस सांगण्याचे कबूल केले. आम्हीही ती ओवी उतरवून घेतली. ती येथे देत नाही, कारण ती त्यांच्या घरची आहे आणि छापण्याची परवानगी आम्ही मागितली नव्हती. एवढे मात्र नमूद करतो की, त्यानंतरच्या वर्षी त्या घरी लग्न झाले, हळद कुटली गेली, आणि ओवी म्हणणाऱ्या सुनेस त्या शब्दाचा अर्थ ठाऊक होता, असे आजींनी आम्हांस पत्राने कळविले.